कोंबडीचे खाद्य, औषध आणि घरचा ओवा



कोंबडीखाद्याच्या पोत्यात काय काय असते, हे आपल्यापैकी पुष्कळांना तोंडपाठ आहे. मक्याचा भरडा, सोयाबीनची पेंड, शिंपल्यांचा चुरा, मीठ, क्षार आणि जीवनसत्त्वे. यांतला प्रत्येक जिन्नस कोंबडीच्या अंगी लागतो. पण गेली सत्तरपंचाहत्तर वर्षे जगातल्या पुष्कळ ठिकाणी या पोत्यात आणखी एक जिन्नस मिसळला जात आला आहे, आणि तो अन्न नव्हे, औषध आहे. माणसाला न्यूमोनिया झाला किंवा जखम चिघळली म्हणजे डॉक्टर ज्या जातीच्या गोळ्या देतात, त्याच जातीचे हे औषध. इंग्रजीत त्याला अँटिबायोटिक म्हणतात, मराठीत प्रतिजैविक. आजारी कोंबडीला ते दिले तर कुणाची हरकत असण्याचे कारण नाही. इथे मात्र ते धडधाकट कोंबडीला, रोजच्या रोज, चिमूट चिमूट दिले जाते. कशाकरिता? तर तिचे वजन लवकर वाढावे म्हणून.

ही चाल बंद करावी असे आता अनेक देशांनी ठरवले आहे. मग औषधाच्या जागी काय घालावे, असा प्रश्न आला की पुष्कळांचे बोट वळते ते आपल्या मसाल्याच्या डब्याकडे. ओवा, लसूण, हळद, दालचिनी, लवंग या पदार्थांवर जगभर प्रयोग चालू आहेत. त्यांत तथ्य किती आणि बोलबाला किती, हे आज आपण पाहू. मी पशुवैद्य नाही. महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. तेव्हा रोगाचे निदान मी करणार नाही. पण या प्रश्नाच्या बुडाशी एक हिशेब आहे, आणि हिशेब तपासायचा तर तो आमचाच प्रांत.

आधी हे औषध खाद्यात शिरले कसे, ते सांगतो. दुसरे महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत मासळीच्या कुटीसारखे प्राणिज खाद्य महाग झाले होते. नुसत्या सोयाबीनवर पिल्ले नीट वाढत ना. थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड हे दोन शास्त्रज्ञ एका औषध कंपनीत यावर काम करीत होते. त्याच कंपनीत ऑरिओमायसिन नावाचे प्रतिजैविक बुरशीसारख्या एका सूक्ष्म जिवापासून आंबवून काढले जाई, आणि ते काढून घेतल्यावर मागे चोथा उरे. या चोथ्यात ब-१२ जीवनसत्त्व असावे, या अंदाजाने त्यांनी १९४८ च्या अखेरीस तो पिल्लांना चारून पाहिला. पिल्ले अपेक्षेपेक्षा कितीतरी झपाट्याने वाढली. ब-१२ चा वाटा त्यात होताच. पण तेवढ्याने सगळा उलगडा होईना. चोथ्यात शिल्लक राहिलेल्या औषधाच्या अंशाचा तो प्रताप होता. १९५० साली ही गोष्ट जाहीर झाली आणि १९५१ मध्ये अमेरिकेत असे औषध खाद्यात मिसळायला सरकारी परवानगी मिळाली. पशुवैद्याच्या चिठ्ठीचीही गरज ठेवली नव्हती.

आता औषधाने वजन का वाढावे? कोंबडीच्या आतड्यात कोट्यवधी जंतू राहतात. त्यांतले काही उपकारक असतात, काही उपद्रवी. उपद्रवी जंतूंनी रोग प्रत्यक्ष उत्पन्न केला नाही तरी आतड्याला ते सतत डिवचत राहतात. त्यांना तोंड देण्यात कोंबडीची शक्ती खर्च होते, आतड्याचा पडदा जाड होतो आणि खाल्लेले अंगी लागत नाही. थोडेसे औषध पोटात गेले की हा उपद्रव कमी होतो आणि वाचलेली शक्ती मांसाकडे वळते. हे आपण कशावरून म्हणतो? इंग्लंडमध्ये काही संशोधकांनी पूर्णपणे जंतुरहित अशा बंद पेटीत पिल्ले वाढवली आणि काहींच्या खाद्यात पेनिसिलिन मिसळले. १९६३ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. साध्या जागेत वाढलेल्या पिल्लांना पेनिसिलिनाने लाभ झाला. जंतुरहित पेटीतल्या पिल्लांना काहीच झाला नाही. जंतूच नव्हते, तर औषध करणार काय?

या प्रयोगाकडे नीट लक्ष द्या. आजच्या विषयाची गुरुकिल्ली त्यातच आहे. खाद्यातले औषध ही काही ताकद देणारी वस्तू नव्हे. शेडमधल्या घाणीची, दाटीची आणि ओल्या गादीची ती भरपाई आहे. जिथे अस्वच्छता अधिक, तिथे त्याचा लाभ अधिक. शेड जसजसे सुधारावे तसतसा लाभ कमी. सफाईचे काम औषधाकडून स्वस्तात करून घेण्याची ही युक्ती होती. स्वस्त वस्तूची खरी किंमत पुष्कळदा दुसऱ्या कुणाच्या तरी खात्यावर पडते, तसेच इथेही झाले.

ती किंमत कोणती, हे कापूस पिकवणाऱ्या बांधवांना चटकन कळेल. २००२ साली आपल्याकडे बीटी कपाशी आली, तेव्हा बोंडअळीचा कायमचा बंदोबस्त झाला असे वाटले होते. १५ वर्षांनी, २०१७ च्या हंगामात, गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्यात बोंडेच्या बोंडे पोखरली. झाले काय होते? त्या विषाला ज्या मूठभर अळ्या पुरून उरल्या, त्यांचीच प्रजा पुढे वाढली. जंतूंचेही असेच आहे. फरक इतकाच की बोंडअळीच्या एका पिढीला महिना लागतो, आणि जंतू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. औषधाचा पूर्ण मारा असला तर बहुतेक जंतू मरतात. चिमूट चिमूट औषध रोज मिळाले तर दुबळे मरतात, कणखर जगतात आणि जागा मोकळी सापडल्याने तेच फोफावतात. पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिकाच्या भाषणातच अपुऱ्या मात्रेचा हा धोका सांगून ठेवला होता.

शिवाय जंतूंची एक खोड अळ्यांनाही नाही. औषधाला दाद न देण्याची युक्ती एक जंतू शेजारच्या जंतूला, अगदी परजातीच्या जंतूलासुद्धा, देऊ शकतो. म्हणून कोंबडीच्या पोटात तयार झालेली युक्ती कोंबडीच्या पोटातच राहत नाही. अमेरिकेत स्टुअर्ट लेव्ही या डॉक्टरांनी एका शेतावर याची परीक्षा केली. पिल्लांच्या खाद्यात टेट्रासायक्लिन जातीचे औषध सुरू केल्यावर थोड्याच दिवसांत पिल्लांच्या आतड्यातले जंतू त्या औषधाला जुमानेनासे झाले. पुढे सहा महिन्यांच्या आत त्या शेतावर राहणाऱ्या माणसांच्या पोटातही तसे जंतू वाढले. त्या माणसांनी औषधाची गोळी घेतली नव्हती. हे निष्कर्ष १९७६ साली प्रसिद्ध झाले.

आता हिशेबाकडे येऊ. समजा, तुमच्या शेडमध्ये १,००० मांसल पक्षी आहेत. दोन किलोचा एक पक्षी तयार होईपर्यंत साधारण सव्वातीन किलो खाद्य खातो असे धरा. एकूण खाद्य झाले ३,२५० किलो. औषधामुळे यात तीन टक्के बचत झाली असे मानले, तर वाचले सुमारे ९७ किलो. म्हणजे जवळपास दोन पोती. एका पक्ष्यामागे शंभर ग्रॅमसुद्धा नाही. हा लाभ मालकाच्या खिशात पडला. उलट बाजूला काय पडले? गावातल्या एखाद्या बाळंतिणीला ताप आला किंवा लेकराला हगवण लागली आणि नेहमीचे औषध लागू पडले नाही, तर महागडे औषध, शहरातले इस्पितळ, प्रसंगी जीव. ही रक्कम कोंबडीच्या वजनकाट्यावर कधीच दिसत नाही. औषधाचा गुण ही गावच्या विहिरीसारखी सामाईक मालमत्ता आहे. एकाने तिच्यात गुरे धुतली तर त्याची सोय होते; पाणी मात्र सगळ्यांचे नासते. आणि त्या सगळ्यांत तो स्वतःही येतो, हे विसरू नका.

म्हणूनच सरकारे मध्ये पडली. माणसाच्या इलाजाला लागणारी औषधे जनावरांच्या वाढीसाठी खाद्यात घालू नयेत, असा सल्ला ब्रिटनमधल्या स्वान समितीने १९६९ सालीच दिला होता. स्वीडनने १९८६ मध्ये वाढीसाठीच्या औषधांवर बंदी घातली. युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून ती पूर्ण बंद केली. अमेरिकेत २०१७ पासून माणसाच्या उपचारात महत्त्वाची असलेली औषधे केवळ वजन वाढवण्यासाठी देता येत नाहीत. आपल्याकडे जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने कोलिस्टिन या औषधाच्या कोंबड्या, इतर खाद्यप्राणी आणि मत्स्यपालन यांतील वापरावर बंदी घातली. कोलिस्टिन हे अतिदक्षता विभागातले शेवटचे अस्त्र. बाकी सारी औषधे हरली म्हणजे डॉक्टर त्याला हात घालतात. ते आपण कोंबड्यांना दाण्याबरोबर चारीत होतो.

तुम्ही म्हणाल, हे सगळे ठीक; पण औषध काढले आणि शेडमध्ये मरतूक सुरू झाली तर? शंका रास्त आहे, कारण कर्ज शेतकऱ्याच्या डोक्यावर असते. यावर डेन्मार्कचा अनुभव पाहा. तिथल्या मांसल कोंबड्यांच्या धंद्यातल्या लोकांनी १९९८ च्या आरंभी अशी सर्व औषधे आपण होऊन थांबवली. मरतूक वाढली नाही, वजन घटले नाही. किलोभर मांसाला लागणारे खाद्य किंचित वाढले, इतकेच. त्याआधी, १९९५ मध्ये, ॲव्होपार्सिन नावाचे औषध तिथे बंद झाले होते. कोंबड्यांच्या आतड्यातल्या एका जातीच्या जंतूंपैकी सुमारे ७३ टक्के त्या जातीच्या औषधाला दाद देत नव्हते. पाच वर्षांनी, २००० साली, हे प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास आले. विहीर उपसली तर पाणी पुन्हा निवळते, असा याचा अर्थ. मात्र त्याच देशात डुकरांची दूध तोडलेली पिल्ले हगवणीने हैराण झाली आणि त्यांच्या उपचारासाठी औषध अधिक लागू लागले. तेव्हा औषध काढून घेणे हा अर्धाच उपाय. त्याची जागा कशाने तरी भरून काढावी लागते.

इथे आपला मसाल्याचा डबा पुढे येतो.

प्रथम ओवा घ्या. पोट दुखले की आजीबाई ओवा चावायला देतात, त्यामागे शास्त्र आहे. ओव्याच्या तेलात थायमॉल नावाचे द्रव्य भरपूर असते. बाजारात ओव्याचे फूल म्हणून जे पांढरे स्फटिक मिळतात, ते हेच. १९१४ च्या महायुद्धापूर्वी हिंदुस्थानातला ओवा जर्मनीत जाई आणि तिथे त्यातून थायमॉल काढीत. आतड्यातल्या आकडेकृमींवर डॉक्टर एके काळी हेच देत असत. जंतूभोवती एक पातळ आवरण असते. थायमॉल त्या आवरणात घुसून त्याची वीण सैल करते. पोत्याची शिवण उसवावी तसा जंतू गळू लागतो. प्रतिजैविक बहुधा जंतूच्या एका ठरावीक जागी घाव घालते, म्हणून तेवढी जागा बदलली की जंतू सुटतो. वनस्पतीचे तेल अनेक द्रव्यांचे मिश्रण असते आणि ते अनेक जागी काम करते. त्यामुळे जंतूंना तोडगा काढणे अवघड जाते. अशक्य मात्र नव्हे. शिवाय ओव्याच्या तिखट वासाने पाचक रस सुटायला मदत होते, हा वेगळा लाभ. युरोपात यासाठी ओरेगॅनो नावाची ओव्याच्या वासाची वनस्पती वापरतात. तिच्या तेलातले कार्वाक्रॉल हे थायमॉलचे सख्खे भावंडच म्हणा. दालचिनी आणि लवंग यांच्या तेलांतली द्रव्येही जंतूंना अशीच जाचक ठरतात.

लसणीची तऱ्हा निराळी. शिक्षक मित्रांनी वर्गात करून दाखवावा असा एक सोपा प्रयोग सांगतो. लसणीची अख्खी सोललेली पाकळी मुलांना हुंगायला द्या; वास जवळजवळ येत नाही. मग ती ठेचा. क्षणात वर्गभर वास सुटेल. आता दुसरी पाकळी पाण्यात चांगली उकळून मग ठेचा. तो उग्र दर्प येणार नाही. कारण असे की, पाकळीत एक द्रव्य आणि त्याचे रूपांतर करणारे एक विकर शेजारशेजारच्या कप्प्यांत असतात. ठेचल्यावर दोघांची गाठ पडते आणि ॲलिसिन तयार होते. जंतूंना मारणारे तेच. कॅव्हलिटो आणि बेली या शास्त्रज्ञांनी १९४४ मध्ये ते वेगळे काढले. उष्णतेने विकर मरते, म्हणून उकडलेली लसूण मुकी. आणि ॲलिसिन टिकाऊही नसते; ठेचून दोन दिवस ठेवलेल्या लसणीतून ते उडून गेलेले असते. कोंबडीला लसूण द्यायची ती ताजी ठेचून, किंवा मंद आचेवर नीट वाळवून केलेल्या पुडीच्या रूपाने, हे यावरून ध्यानात येईल.

हळदीतले मुख्य द्रव्य कुर्कुमिन. सांगलीच्या पेठेतली हळद घ्या की घरच्या वाफ्यातली, शंभर ग्रॅम हळदीत ते साधारण दोन ते पाच ग्रॅमच असते. ते रक्तात फार कमी शोषले जाते, आणि माणसाच्या औषधाच्या दृष्टीने हा दोष मानतात. पण आपल्याला कोंबडीच्या आतड्यातच त्याचे काम असल्याने हा दोष इथे तितका नडत नाही. हळद जंतूंवर धाड घालण्यापेक्षा आतड्याची आग, म्हणजे दाह, शमवण्याचे काम अधिक करते. परसातल्या कोंबड्यांना शेवग्याचा पाला जरूर द्यावा. वाळलेल्या पाल्यात सुमारे चौथा हिस्सा प्रथिने असतात, आणि पाल्यातल्या रंगद्रव्याने अंड्याचा बलक चांगला पिवळा होतो.

वनस्पतींचे आणखी एक काम आहे, ते जंतू मारण्याचे नसून जंतू पोसण्याचे आहे. खुडूक कोंबडीखाली निघालेले पिल्लू पहिल्या दिवसापासून आईबरोबर उकिरडा उकरते आणि तिच्या पोटातले उपकारक जंतू त्याच्या पोटात वस्तीला येतात. यंत्रात उबवलेल्या पिल्लाला आई भेटतच नाही. त्याचे आतडे म्हणजे ओसाड रान. आधी जो घुसेल तो मालक. फिनलंडमध्ये एस्को नुर्मी यांनी १९७३ साली दाखवून दिले की, निरोगी मोठ्या कोंबडीच्या आतड्यातले जंतू दिवसाच्या पिल्लांना दिले तर साल्मोनेला नावाच्या घातक जंतूला तिथे पाय रोवता येत नाही. कांदा-लसणीत असा एक तंतुमय अंश असतो की जो कोंबडीला पचत नाही, पण हे उपकारक जंतू त्यावर पोसले जातात. दही-ताकातले जंतूही याच पंगतीतले. घरचे रान आधीच पेरलेले असले, की तणाला जागा राहत नाही.

आता या साऱ्याची दुसरी बाजू. ओवा-हळदीने गुण आला असे सांगणारे प्रयोग पुष्कळ आहेत, तसे काहीच फरक पडला नाही असे सांगणारेही आहेत. याची कारणे समजण्याजोगी आहेत. गोळीतले औषध मोजून घातलेले असते. ओव्यातले थायमॉल जमीन, हंगाम, वाळवण आणि साठवण यांप्रमाणे बदलते. वर्षभर उघड्या डब्यात राहिलेल्या ओव्याला वास नसतो, आणि जिथे वास नाही तिथे गुणही नाही. कारखान्यात खाद्याच्या कांड्या करताना वाफेने ते तापते, तेव्हाही तेल उडते. म्हणून कंपन्या असे तेल चरबीच्या वेष्टनात बंद करून घालतात. आणि सर्वांत महत्त्वाचे कारण मघाच्या पेटीतल्या पिल्लांनीच सांगितले आहे. स्वच्छ शेडमध्ये सुधारायला फारसे काही उरत नाही, म्हणून फरक दिसत नाही. अगदी गलिच्छ शेडमध्ये ओव्याचा टिकाव लागत नाही, म्हणूनही दिसत नाही. मधल्या स्थितीत, जिथे व्यवस्था बरी आहे आणि थोडा आधार हवा आहे, तिथे या वनस्पती उपयोगी पडतात.

वनस्पतीची म्हणून ती निरुपद्रवी, असेही समजू नये. धोतराही वनस्पतीच आहे. निंबोळीची पेंड जास्त झाली तर कडूपणामुळे पक्षी खाद्य टाकतात. लसूण फार झाली तर अंड्याला वास लागू शकतो. प्रयोगांत हळद, ओवा किंवा वाळल्या लसणीची पूड बहुधा खाद्याच्या किलोमागे पाच ते दहा ग्रॅम वापरलेली आढळते. सुरुवात पाच ग्रॅमने करावी. म्हणजे १०० किलो खाद्याला अर्धा किलो. तिन्ही एकदम घालू नयेत. गुण कुणाचा आणि अवगुण कुणाचा हे कळणार नाही. हळद घरी दळलेली असावी. बाजारातल्या भेसळीच्या पिवळ्या रंगाने कोंबडीचेही भले होणार नाही आणि तिला खाणाराचेही.

पण ओवा-हळद हा शेवटला हात आहे. पाया निराळाच. गादी कोरडी ठेवा. तुसाची मूठ घट्ट दाबून हात उघडा. गोळा तसाच राहिला तर गादी ओली आहे. भुसभुशीत विखुरली तर ठीक. रक्ती हगवणीचे बीज ओल आणि ऊब मिळाली की तयार होते, म्हणून गादी रोज हलवावी, पाण्याच्या भांड्याभोवतीची ओली जागा काढून टाकावी. सकाळी शेडमध्ये शिरताच डोळे चुरचुरले तर समजा की पक्ष्यांच्या छातीतही तीच चुरचुर चालू आहे. पडदे वर करून वारा खेळवा. मांसल पक्ष्याला निदान एक चौरस फूट जागा द्या. एक बॅच गेल्यावर शेड धुऊन, चुना लावून दोन आठवडे मोकळे ठेवा. पाणी आपण पिऊ असे असावे. बुरशी आलेला मका आणि भुईमुगाची पेंड स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखावर टर्की पक्षी बुरशी आलेल्या भुईमुगाच्या पेंडीने मेले, तेव्हा तर जगाला अफ्लाटॉक्सिन या विषाची ओळख झाली. खाद्याची भांडी काठोकाठ भरू नका. आपण मघाशी हिशेबात मांडलेली ती दोन पोती पुष्कळ शेडमध्ये नुसती सांडून आणि उंदीर-घुशींच्या पोटात जातात.

मानमोडी, म्हणजे राणीखेत, हा विषाणूचा रोग. त्यावर प्रतिजैविक चालत नाही, हळदही चालत नाही. लस हाच उपाय. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात वेळापत्रक विचारून ती टोचून घ्या किंवा थेंब पाजून घ्या. पक्षी खरोखर आजारी पडले तर काढा पाजत बसू नका, पशुवैद्याला दाखवा. त्यांनी औषध दिले तर ते पुऱ्या मात्रेने, पुरे दिवस द्या, आणि औषध संपल्यावर ते सांगतील तितके दिवस अंडी व पक्षी विकू नका. दुकानदाराच्या किंवा शेजाऱ्याच्या सल्ल्याने पाण्यात पुडी मिसळण्याची सवय मात्र सोडा.

करारावर पक्षी पाळणारे बांधव म्हणतील, पिल्ले कंपनीची, खाद्य कंपनीचे, आमच्या हाती काय? हातात दोन गोष्टी आहेत. एक, शेडची व्यवस्था. ती सर्वस्वी तुमची आहे. दुसरी, विचारण्याचा हक्क. या खाद्यात वाढीसाठी कोणते औषध आहे काय, पक्षी उचलण्यापूर्वी ते किती दिवस बंद करायचे, हे लेखी विचारा. एकट्याने विचारले तर उत्तर मिळायला वेळ लागेल. गावातल्या दहा जणांनी मिळून विचारले तर लवकर मिळेल. 'हर्बल' म्हणून विकायला येणाऱ्या पाकिटांनाही हाच न्याय लावा. कोणती वनस्पती, किती प्रमाणात, आणि कुठल्या पक्ष्यांवर पारखलेली, हे ज्याला सांगता येत नाही त्याची पुडी घेऊ नये.

शेवटी शिक्षकांना एक विनंती. कुणाचेही म्हणणे, माझेसुद्धा, ऐकून घेण्यापेक्षा ताडून पाहावे. गावात कुणी शंभर पिल्ले आणली तर त्यांचे पन्नास-पन्नासचे दोन भाग करायला सांगा. जागा, पाणी, ऊब, लस सारे सारखे. एका भागाच्या खाद्यात ओवा, दुसऱ्याच्या नाही. पिल्ले निवडून वाटू नका, डोळे मिटून वाटा. नाहीतर धष्टपुष्ट तेवढी एकीकडे जातील. सातवी-आठवीच्या मुलांनी दर आठवड्याला वजन घ्यावे, खाद्य मोजून टाकावे, मेलेली नोंदवावीत आणि शेवटी किलोभर वजनाला किती खाद्य लागले ते काढावे. गणित, विज्ञान आणि घरचा धंदा एकाच वहीत येईल. एका बॅचवर निकाल देऊ नका. दोन-तीन बॅचेस पाहा. गुण आला तर ओवा ठेवा, नाही आला तर खर्च वाचला.

ओव्याने प्रतिजैविकाची जागा एकट्याने भरून निघेल अशी आशा मी दाखवीत नाही. कोरडी गादी, मोकळी हवा, स्वच्छ पाणी, वेळेवर लस, बिनबुरशीचा दाणा आणि त्याच्या जोडीला घरचा ओवा-हळद, या सर्वांनी मिळून ती भरते. यात कष्ट जास्त आहेत, हे कबूल. पण ते कष्ट आपल्या शेडमध्ये, आपल्या डोळ्यांदेखत होतात आणि त्यांचा पैसा न् पैसा हिशेबात दिसतो. दुसऱ्या वाटेची किंमत एखाद्या रात्री तालुक्याच्या दवाखान्यात, औषध लागू पडत नाही असे डॉक्टरांनी सांगितल्यावर कळते, आणि त्या वेळी पोती मोजून तिची फेड करता येत नाही.